एकट्याची वकिली

आपल्या समाजातील मुले वाणिज्य शाखा घेऊन सनदी लेखापाल होतात, वडिलोपार्जित पेढी सांभाळतात किंवा अलीकडे पुण्या-बंगळुरास संगणकक्षेत्रात जातात. माझ्या परिचयातील काही घरांतून मात्र आता बी. कॉम.नंतर कायद्याची पदवी घेतलेल्या मुली बाहेर पडू लागल्या आहेत. त्यांचे पालक मला निवृत्त बँक अधिकारी समजून एकच प्रश्न विचारतात, “पुढे नोकरी कोठे मिळेल?” नोकऱ्या आहेत. बँकांना विधी अधिकारी लागतात, कंपन्यांना लागतात, न्यायाधीशपदाची परीक्षाही आहे. परंतु मुलीने “मला स्वतंत्र वकिली करायची आहे” असे म्हटले की घरात शांतता पसरते. या व्यवसायात पगाराची तारीख नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि दुकानासारखा मालही नाही की जो विकला गेला नाही तर निदान शिल्लक दिसेल.

बँकेच्या कर्ज विभागात असताना सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा काही वर्षे मुक्काम होता. बँकेच्या दाव्यांत साक्ष देण्यासाठी मला न्यायालयात दिवसच्या दिवस बसावे लागे. साक्षीदाराचा बाक ही निरीक्षणासाठी उत्तम जागा असते, कारण तेथे दुसरे काही करण्यासारखे नसते. तेथे पाहिलेले, आणि पुढे अनेक वकिलांच्या सहवासात समजलेले, आज मांडत आहे. यातील एक ज्येष्ठ वकील आमच्या बँकेच्या पॅनेलवर होते. नाव देत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

वकील म्हणून उभे राहण्यासाठी पदवी पुरत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यावी लागते. आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा यांची एकच बार कौन्सिल आहे. अलीकडच्या पदवीधरांना अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. त्यानंतर पहिली काही वर्षे एखाद्या ज्येष्ठाच्या कार्यालयात काढण्याची रीत आहे. या काळात मिळणारे मानधन सांगण्याजोगे नसते. काही ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च सुटतो, काही ठिकाणी तोही सुटत नाही. ज्या घरात दुसरे मिळवते माणूस नाही, त्या घरातील हुशार मुले येथेच गळतात, आणि या गळतीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

न्यायालयाचे काम अकराच्या सुमारास सुरू होते. पण वकिलाचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू झालेला असतो, कारण उद्याचा ‘बोर्ड’ पाहून फाइली काढून ठेवाव्या लागतात. पूर्वी हे काम कारकून करीत असे. आता ई-कोर्ट्सच्या प्रणालीत प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकी क्रमांक आहे आणि पुढची तारीख मोबाइलवर दिसते. तरीही माझ्या परिचयाचे वकील लाल कापडी बांधणीची डायरी सोडावयास तयार नव्हते. डाव्या पानावर आजची प्रकरणे, उजव्या पानावर मुदती. ‘मुदती’ हे पान मला त्यांच्या संपूर्ण व्यवसायाचे हृदय वाटत असे.

त्याचे एक उदाहरण आम्हा बँकवाल्यांच्या परिचयाचे आहे. धनादेश न वटता परत आला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फिर्याद करता येते. हे कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. लोकांना वाटते, धनादेश परत आला की फिर्याद झाली. प्रत्यक्षात ती तारखांची साखळी आहे. समजा, धनादेश न वटल्याचा बँकेचा मेमो ४ जूनला हातात पडला. त्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ४ जुलैपर्यंत, लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती समोरच्याला १० जुलैला पोहोचली, तर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस, म्हणजे २५ जुलैपर्यंत अवधी. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात फिर्याद दाखल करावयाची. फिर्यादीस उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीला झालेला उशीर मात्र माफ होत नाही. पक्षकार लग्नसराईत गुंतून ५ जुलैला कागद घेऊन आला, तर वकील कितीही विद्वान असो, त्या मेमोवरची त्याची वाट बंद झालेली असते. धनादेशाची तीन महिन्यांची मुदत उरली असेल तर तो पुन्हा भरून पाहता येतो, एवढाच आधार. ज्यांच्या घरात उधारीचा व्यापार आहे त्यांनी हा परिच्छेद कापून गल्ल्यावर चिकटवला तरी माझी हरकत नाही.

न्यायालयात अकरापासून पाचपर्यंत वकील नेमके काय करतो, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘वाट पाहतो’ असेच द्यावे लागेल. पट्टेवाला नावे पुकारतो. एका प्रकरणात विरुद्ध बाजूचे ‘म्हणणे’ दाखल व्हायचे आहे, ते मुदत मागतात. दुसऱ्यात बेलिफाचा समन्स बजावणीचा अहवाल आलेला नाही. तिसऱ्यात साक्षीदार आला आहे, पण न्यायाधीश महोदय एका जामीन अर्जात गुंतले आहेत. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी आणि ही मुदत फार तर ९० दिवसांपर्यंत वाढवावी, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. संहितेतील दिवस आणि न्यायालयातील दिवस यांत अंतर आहे, हे साक्षीदाराच्या बाकावरून मला स्वच्छ दिसे. वीस प्रकरणांत पुकारा झाला तर खरे काम दोन-तीन प्रकरणांत होते. उरलेल्यांत पुरसिस, मुदतीचा अर्ज आणि नवी तारीख. घरी परतताना पक्षकार म्हणतो, “वकिलांनी काही केलेच नाही.” तो खोटे बोलत नसतो. परंतु वकील त्या दिवशी तयारी करून, काळा कोट चढवून, तीन दालनांच्या मध्ये धावत होता, हेही खोटे नसते. एकट्या वकिलाची ही मोठी अडचण आहे. दोन न्यायालयांत एकाच वेळी पुकारा झाला, तर धावून जाण्यासाठी त्याच्यापाशी दुसरा माणूस नाही. मग बाररूममधील एखाद्या मित्राला विनंती करावी लागते, “जरा उभे राहा, मी आलोच.” आज ज्याच्या विरुद्ध कडाडून उलटतपास घेतला, उद्या त्यालाच ही विनंती करावयाची असते. पर्युषणानंतरच्या क्षमावाणीच्या दिवशी आपण वर्षातून एकदा हात जोडतो; या मंडळींना ते रोज दुपारच्या चहाला करावे लागते.

उलटतपासाविषयी एक सांगावयास हवे. चित्रपटांमुळे आपला असा समज झाला आहे की वकील मोठ्याने बोलतो. माझ्या साक्षीच्या वेळी विरुद्ध बाजूचे वकील अत्यंत हळू आवाजात बोलत होते. कर्जरोख्यावरील साक्षीदाराची सही कोणत्या टेबलावर झाली, तेव्हा मी त्या शाखेत होतो काय, नसल्यास मला हे कशावरून माहीत, एवढे तीनच प्रश्न त्यांनी विचारले. तिसऱ्या प्रश्नानंतर मला घाम फुटला होता. हे तीन प्रश्न काढण्यासाठी त्यांनी आमच्या कागदांची आदल्या रात्री किती वेळ छाननी केली असेल, याचा अंदाज मी बँकेच्या तपासणीच्या अनुभवावरून करू शकलो. या कामाचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

संध्याकाळी साडेसहानंतर कार्यालय उघडते. आमचे ज्येष्ठ वकील सूर्यास्तानंतर अन्न घेत नसत. हिवाळ्यात न्यायालय सुटून घरी पोहोचेपर्यंत सूर्य मावळतीला टेकलेला असे. पाच-दहा मिनिटांत उभ्याउभ्या जे पोटात जाईल ते भोजन, आणि लगेच कार्यालय. डिसेंबर महिन्यातील कित्येक संध्याकाळी ते नुसत्या पाण्यावर काढीत, आणि पाण्याचाही नियम असला की तेही नाही. याविषयी त्यांनी कधी उच्चार केला नाही. त्यांच्या पत्नी एकदा माझ्या पत्नीजवळ बोलल्या म्हणून मला समजले.

कार्यालयात येणारा मनुष्य कायदा विचारायला क्वचितच येतो. तो रागावलेला असतो, घाबरलेला असतो, किंवा भावाने बांध कोरला हे सिद्ध करण्यापेक्षा ते कोणीतरी ऐकून घ्यावे या इच्छेने आलेला असतो. एक तास ऐकल्यावर त्यातून पाच ओळींचे तथ्य निघते, आणि त्या पाच ओळींसाठी सातबारा, फेरफार, जुने वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा असे सात कागद लागतात. त्यांतील चार पक्षकाराजवळ नसतात. मग तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक, नक्कल विभाग अशा फेऱ्या. जे ऐकले ते बाहेर जाता कामा नये, असे बंधन कायद्यानेच घातले आहे. पूर्वी ते भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. तालुक्याच्या गावात, जेथे पाहुणे, पक्षकार आणि शेजारी ही एकच माणसे असतात, तेथे हे बंधन पाळणे सोपे नाही. लग्नाच्या पंगतीत एका बाजूला वादी आणि दुसऱ्या बाजूला प्रतिवादीचे व्याही बसलेले असताना वकिलाने फक्त वाढपाकडे लक्ष द्यावयाचे असते.

पुढील हकिकत म्हणूनच मला वकिलांकडून समजलेली नाही. त्या घरातीलच एकाने पुढे कर्जाच्या निमित्ताने कागद घेऊन आल्यावर ती सांगितली. आपल्याच समाजातील कुटुंब. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. मोठे बंधू वकिलांकडे आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, आक्काला काही नको आहे. तिच्या लग्नात वडिलांनी भरपूर केले. तुम्ही फक्त हक्कसोडपत्र तयार करा, मी तिची सही घेऊन येतो.”

हिंदू उत्तराधिकार अधिनियम आपल्या जैन समाजासही लागू आहे. त्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणी ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर त्यास कायद्याची हरकत नाही. प्रश्न ‘स्वखुशी’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे राखीपौर्णिमेच्या ताटाआड कितीतरी हक्कसोडपत्रे झाकली गेली आहेत, आणि ‘माहेर तुटेल’ या सहा अक्षरी भीतीपुढे पुष्कळ सह्या झाल्या आहेत. हे आपण मंदिराच्या सभामंडपात बोलत नाही, म्हणून येथे लिहितो.

वकील म्हणाले, “कागद करतो. पण आक्कांना येथे घेऊन या. त्यांचा हिस्सा किती होतो हे मी त्यांना सांगेन, आणि ते तुम्ही कोणी खोलीत नसताना सांगेन. हे चालत असेल तरच काम घेतो.”

बंधूंना राग आला. दुसरा वकील सहज मिळाला असता, गावात होते. परंतु धाकट्या भावाने आग्रह धरला आणि चार दिवसांनी आक्का आल्या. बंद दाराआड काय बोलणे झाले ते कोणास ठाऊक नाही. बाहेर आल्यावर आक्कांनी एवढेच सांगितले की शेतात मला काही नको, पण राहत्या घरातील माझा हिस्सा मी सोडणार नाही. आई आहे तोवर तिची माजघराशेजारची खोली कोणी हलवायची नाही, हे कागदावर आले पाहिजे. हक्कसोडपत्राऐवजी मग रीतसर वाटणीपत्र झाले. त्यात आईच्या नावे स्वतंत्र हिस्सा आला, खोलीचा उल्लेख चतुःसीमेसह आला, आणि दस्त नोंदला गेला. मोठ्या बंधूंनी फीची उरलेली रक्कम दिली नाही. वकिलांनी मागितली नाही. त्यानंतर त्या घरातील व त्यांच्या व्याह्यांकडील एकही काम त्यांच्याकडे आले नाही. गावाच्या मानाने हे नुकसान मोठे होते. सहा वर्षांनी मी तो दस्त बँकेत तारणासाठी पाहिला तेव्हा आई त्याच खोलीत राहत होत्या.

फीचा विषय निघालाच आहे, तर व्यवहाराच्या भाषेत बोलू. वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरची पाटीदेखील माफक आकाराची असावी, असा बार कौन्सिलचा नियम आहे. दावा जिंकल्यास मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून घेण्यासही मनाई आहे. फी टप्प्याटप्प्याने मिळते: नोटिशीच्या वेळी थोडी, दावा दाखल करताना थोडी, ‘निशाणी ५’ म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाच्या वेळी पक्षकार घाबरलेला असतो म्हणून बरी, आणि पुरावा-युक्तिवादापर्यंत येईतो पक्षकार थकलेला असतो म्हणून जवळजवळ नाही. खेड्यातील माणूस हंगामात गुळाची ढेप किंवा भुईमुगाच्या शेंगांचे पोते आणून ठेवतो आणि त्यात त्याचे मन मोकळे असते. अडचण सुशिक्षितांची आहे. डॉक्टरला आपण केसपेपरचे पैसे आधी देतो, सनदी लेखापालाला विवरणपत्र भरल्यावर देतो, वकील मात्र नात्यातला असला की त्याला साखरपुड्यात कोपऱ्यात घेऊन भाडेकरूचे प्रकरण समजावून सांगतो आणि वर “आपल्याच माणसाकडून काय घ्यायचे?” असे त्याच्याच वतीने म्हणून मोकळे होतो.

खर्च मात्र निश्चित असतात. जागेचे भाडे, टंकलेखकाचा किंवा कारकुनाचा पगार, कायद्याच्या नियतकालिकांची वर्गणी, प्रवास. आयकरात छोट्या व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची तरतूद आहे. वर्षाची जमा ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. तालुक्यातील वकिलास ही मर्यादा पुरून उरते. वकीलपत्रावर कल्याण निधीचे तिकीट लावतात, त्याचा थोडा आधार आहे. पण आजारपण आले की कमाई त्याच दिवशी थांबते. म्हणून मुलीला स्वतंत्र वकिली करावयाची असेल, तर पालकांनी नाके मुरडण्याऐवजी तिचा आरोग्य विमा पहिल्या वर्षी काढावा आणि सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडून द्यावे, असा माझा रोकडा सल्ला आहे. पाच वर्षांचा घरखर्च हा तिचा भांडवली खर्च समजावा. दुकान थाटून देताना आपण हेच करतो.

मुलींच्या बाबतीत ‘हे क्षेत्र पुरुषांचे’ असे अजूनही ऐकू येते. ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास करणारी पहिली स्त्री, कॉर्नेलिया सोराबजी, आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मली; स्त्रियांना वकिली करण्याची आडकाठी दूर करणारा कायदा येथे १९२३ मध्ये झाला. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. वकिलीची परंपरा आपल्या समाजालाही नवी नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते अण्णासाहेब लठ्ठे वकील होते, आणि १९३७ च्या मुंबई इलाख्याच्या मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळण्याआधी त्यांनी पक्षकारांचेच कागद चाळले होते. आज सांगली-कोल्हापूरकडील तरुण वकिलांना एक नवे दारही उघडले आहे. उच्च न्यायालयातील कामासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. अपिलाचे काम तालुक्याच्या वकिलाच्या हातून निसटून जात असे, ते आता स्वतः चालविणे त्याला शक्य झाले आहे. अर्थात त्यासाठी इंग्रजी मसुदालेखन पक्के हवे. येथे आपल्या मुली कमी पडणार नाहीत.

आमचे ज्येष्ठ वकील आता पंचाहत्तरीत आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम थांबविले. चालू प्रकरणांत पक्षकारांना ना-हरकत देऊन नवे वकील पाहण्यास सांगितले. फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. त्यांना त्या निर्णयाची गरज नव्हती. खरी अडचण निघाली ती निकाली प्रकरणांची. तीन कपाटे भरून फाइली, त्यांत मूळ खरेदीखते, मृत्युपत्रे, हाताने रंगविलेले मोजणीचे नकाशे. पक्षकार केव्हाच वारले, मुले परगावी गेली. ते डायरीवरून नावे काढतात, दूरध्वनी क्रमांक शोधतात आणि दुपारी एकेकाला फोन करतात. पलीकडचा आवाज बहुधा म्हणतो, “काका, आता त्याचे काय करायचे? टाकून द्या.” ते म्हणतात, “मूळ दस्त आहे, टपालाने पाठवतो. पत्ता सांगा.” मी गेल्या महिन्यात भेटावयास गेलो तेव्हा पहिले कपाट रिकामे झाले होते, आणि दुसऱ्याच्या वरच्या खणातील फाइलींवर पेन्सिलीने खुणा करून ते पाकिटांवर पत्ते लिहीत बसले होते.